किरणप्रतिकारक जीवाणू : एका संज्ञेचे परीक्षण

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेत ‘जीवाणूंतील किरणप्रतिकार’ ह्या विषयावर टीप मागितली म्हणजे बहुतेक उत्तरपत्रिकांत एक वाक्य थोड्याफार फरकाने हमखास आढळते : ‘किरणांचा मारा झाल्याने जीवाणूंत उत्परिवर्तने घडतात व त्यामुळे ते किरणांस प्रतिकार करू लागतात.’ ह्या वाक्याची दोन्ही अंगे पृथक् घेतली तर खोटी नाहीत. किरणांनी उत्परिवर्तने घडतात हे खरे. उत्परिवर्तनाने प्रतिकार येतो हेही खरे. खोटा आहे तो मधला ‘व त्यामुळे’. दोन सत्यांना जोडणारे हे दोन शब्द विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढलेले नसतात. ते त्यास क्रमिक पुस्तकांनी आणि, स्पष्ट बोलावयाचे तर, आम्हां अध्यापकांच्या टिपणांनी दिलेले असतात. म्हणून दोष उत्तरपत्रिकेच्या माथी न मारता, ज्या प्रयोगांच्या आधारावर ही संज्ञा उभी आहे त्या प्रयोगांकडे पुन्हा एकदा जाणे इष्ट.

आरंभ अर्थात एव्हलिन विट्किन ह्यांच्यापासून करावयास हवा. १९४४ च्या उन्हाळ्यात कोलंबिया विद्यापीठातील ही तरुण विद्यार्थिनी कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत आली. फळमाशीवर काम करणाऱ्या डोब्झान्स्की ह्यांची ती शिष्या. जीवाणू हाताळण्याचा अनुभव तिला नव्हता. जंबुपार किरणांनी जीवाणूंत उत्परिवर्तने घडवावीत, असे डेमेरेक ह्यांनी सुचविले. मात्रा किती द्यावी ह्याचा अंदाज नसल्याने एश्चेरिकिया कोलायच्या ‘बी’ ह्या वाणावर तिने वाजवीपेक्षा पुष्कळच अधिक मात्रा सोडली. परिणामी जवळजवळ सर्व पेशी मेल्या. चार वसाहती तेवढ्या उगवल्या. दुसऱ्या एखाद्या नवशिक्याने थाळ्या धुऊन टाकल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी दिव्याचा वेळ कमी केला असता. विट्किनने विचारले, ह्या चारच का वाचल्या? त्या पुन्हा वाढवून तिने पुन्हा किरणांखाली धरल्या आणि त्यांची संततीही मूळ वाणापेक्षा अधिक टिकते असे तिला दिसले. त्यांतूनच ‘बी/आर’ हा वाण निघाला, आणि त्याचे वृत्त १९४६ साली प्रसिद्ध झाले.

येथपर्यंतची हकीकत आपण वर्गात सांगतो. परंतु तिचा खरा गाभा त्यापुढे आहे आणि तो बहुधा सांगावयाचा राहतो. वाचलेल्या पेशींचा टिकाऊपणा किरणांनी निर्माण केला, की तो आधीपासूनच त्यांच्यात होता आणि किरणांनी केवळ इतरांस बाजूला सारले? त्या काळी हा प्रश्न पोकळ नव्हता. जीवाणूंना उच्च प्राण्यांप्रमाणे जनुके असतात काय, ह्याविषयीच शंका होती. हिन्शेलवुड ह्यांच्यासारखा थोर रसायनशास्त्रज्ञ जीवाणूंच्या बदलांची उपपत्ती पेशींतील रासायनिक जुळणीने लावू पाहत होता. ल्युरिया आणि डेलब्र्युक ह्यांनी १९४३ साली जीवाणुभक्षकांच्या संदर्भात जी चढउतार-कसोटी मांडली, तिचाच अवलंब विट्किनने किरणांच्या प्रश्नासाठी केला. कसोटीचे तत्त्व मोठे सुबक आहे. थोड्याथोड्या पेशींपासून सुरुवात करून अनेक स्वतंत्र संवर्धे वाढवावयाची आणि प्रत्येकातून प्रतिकारकांची संख्या मोजावयाची. प्रतिकार जर किरणांच्या क्षणीच उपजत असेल, तर सर्व नळ्यांतील संख्या जवळपास सारख्या याव्यात. तो जर वाढीच्या काळात, किरणांचे दर्शनही होण्यापूर्वी, यदृच्छेने उपजत असेल, तर ज्या नळीत तो लवकर उपजला तिच्यात वाचलेल्यांची रास पडेल आणि शेजारच्या नळीत दोनतीनच निघतील. म्हणजे निर्णय सरासरीवर नव्हे, विखुरणीवर द्यावयाचा. विट्किनच्या नळ्यांतील संख्या विखुरलेल्या होत्या. ‘बी/आर’ किरणांमुळे जन्मला नव्हता. किरणांनी त्याची केवळ ओळख पटविली.

उत्तरपत्रिकेतील ‘व त्यामुळे’ हा येथेच खोटा ठरतो, आणि तोही १९४६ सालीच.

परंतु ‘बी/आर’ची कथा पुढे ज्या वळणाने गेली, त्यामुळे संज्ञेतील ‘प्रतिकार’ हा शब्दही संशयास्पद ठरतो. मूळ ‘बी’ वाणाच्या पेशी किरणांनंतर एकदम मरत नाहीत. त्या वाढत राहतात, पण विभागत नाहीत, लांबच लांब तंतू होऊन अखेर मरतात, हे विट्किनने पाहिले होते. ह्याचे कारण उलगडण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. डी. एन. ए. ला इजा झाली म्हणजे पेशी ‘सुल-ए’ नावाचे प्रथिन तयार करते व ते विभाजन थांबवून धरते. दुरुस्ती होईपर्यंत थांबा, असा तो इशारा होय. दुरुस्ती संपली की ‘लॉन’ नावाचा प्रथिनभंजक एंझाइम ‘सुल-ए’चे तुकडे करतो आणि विभाजन पुन्हा चालू होते. सुल-ए हे लॉनचेच भक्ष्य आहे, हे १९८३ साली सिद्ध झाले. ‘बी’ वाणात लॉन नसतोच. तेथे इशारा दिला जातो, पण मागे घेतला जात नाही, डी. एन. ए. ची डागडुजी झालेली असतानाही पेशी इशारा पाळता पाळता मरते. आणि ‘बी/आर’मधील उत्परिवर्तन कोणते? सुल-एचे जनुकच निकामी झालेले. इशारा देणाराच नाहीसा झाला, म्हणून पेशी वाचली.

मग ‘बी/आर’ने किरणांस कोणता प्रतिकार केला? इजा त्यास कमी झाली नाही, आणि दुरुस्तीचे नवे साधनही त्याच्या हाती आले नाही. मूळ वाणात एक व्यंग होते. दुसऱ्या व्यंगाने पहिल्याचा उपद्रव नाहीसा केला. लॉन शाबूत असलेल्या ‘के-१२’ वाणावर तोच दिवा धरला असता, तर हा उत्परिवर्ती बहुधा हाती लागलाच नसता. म्हणजे ज्या वाणापासून किरणप्रतिकाराच्या आनुवंशिकीचा आरंभ झाला असे आपण म्हणतो, त्यात प्रतिकार असा नव्हताच. होता तो एका अतिरिक्त हळवेपणाचा लोप. (जाता जाता : प्रथिननिर्मितीसाठी ज्याची कुपी आज जवळजवळ प्रत्येक जैवतंत्रज्ञान-प्रयोगशाळेच्या शीतकपाटात असते तो ‘बीएल-२१’ ह्याच ‘बी’ घराण्यातील होय, आणि लॉन नसणे हाच त्याचा गुण म्हणून वाखाणला जातो. विद्यार्थी त्यास रोज हाताळतात. त्याच्या ह्या कुलवृत्तान्ताची कल्पना मात्र थोड्यांनाच असते.)

ह्यामुळे विट्किनच्या कामाचे मोल उणावते असे कोणी समजू नये. तंतूंविषयीच्या त्या निरीक्षणावरूनच तिने १९६७ साली असे अनुमान मांडले की, पेशी तंतुरूप होणे आणि लॅम्डा हा सुप्त जीवाणुभक्षक जागा होणे ह्या दोन्ही घटना एकाच प्रकारच्या नियंत्रणाखाली असाव्यात. पुढे रादमान ह्यांनी ज्या प्रतिसादास ‘एस. ओ. एस.’ हे संकटसूचक नाव दिले, त्याचे बीज येथे आहे. २०१५ साली तिला लास्कर पारितोषिक मिळाले ते ह्या संबंध कामगिरीसाठी. २०२३ साली ती निवर्तली तेव्हा तिने वयाची शंभरी ओलांडली होती. ह्या कामगिरीतील एक निष्कर्ष तर आमच्या विद्यार्थ्याच्या वाक्यातील पहिल्या अंगासही हादरा देतो. जंबुपार किरणांनी उत्परिवर्तने घडतात हे खरे. पण ‘रेक-ए’ किंवा ‘लेक्स-ए’च्या कार्यात बिघाड असलेल्या विशिष्ट वाणांत तीच मात्रा देऊनही ती जवळजवळ घडत नाहीत. किरण फक्त डी. एन. ए. वर डाग पाडतात. त्या डागावरून कसेबसे पुढे जाण्यासाठी पेशी एक चुकार एंझाइम कामास लावते, आणि चूक होते ती तेथे. ‘उमु’ जनुकांपासून होणारे हे बहुवारीकारक एंझाइम १९९९ साली प्रत्यक्ष ओळखले गेले. तेव्हा निदान जंबुपार किरणांपुरते तरी, उत्परिवर्तन ही किरणांची कृती नसून किरणांना पेशीने दिलेले उत्तर होय.

आता डाइनोकॉकसकडे वळू. १९५६ साली ऑरेगनमध्ये अँडरसन व त्यांचे सहकारी गॅमा किरणांनी डबाबंद मांस टिकविण्याचे प्रयोग करीत असता, पुरेशी मात्रा देऊनही एक डबा नासला व त्यात हा तांबूस गोलाणू सापडला. मायक्रोकॉकस रेडिओड्युरन्स हे त्याचे आधीचे नाव. १९८१ पासून डाइनोकॉकस. मनुष्यास सुमारे ५ ग्रे मात्रा पुरून उरते. हा जीवाणू ५,००० ग्रे मात्रेनंतरही जवळजवळ पूर्णांशाने वाढतो. त्या मात्रेत त्याची गुणसूत्रे शेकडो ठिकाणी तुटतात. हे मुद्दाम सांगावयास हवे, कारण ‘प्रतिकारक’ म्हटले की वाचकाच्या मनात ढालीचे चित्र उभे राहते. ढाल येथे नाही. प्रत्येक ग्रेमागे होणारे तुटीचे प्रमाण ह्या जीवाणूत आणि कोलायमध्ये सारखेच आहे. फरक इतकाच की, कोलाय तुकड्यांच्या ढिगात मरतो, आणि डाइनोकॉकस काही तासांत तो ढीग पुन्हा अखंड जोडतो. झाहरादका व रादमान प्रभृतींनी २००६ साली ह्या जोडणीची रीत दाखविली : एका प्रतीचे तुकडे दुसऱ्या प्रतीच्या तुकड्यांवर आधारून लांबविले जातात आणि मग एकमेकांत गुंतविले जातात. डाली ह्यांनी २००४ व २००७ च्या निबंधांत उलट बाजूने प्रश्न केला. जोडणाऱ्या प्रथिनांनाच किरण निकामी करीत असतील तर जोडणी करावयाची कोणी? डाइनोकॉकसमध्ये लोहाच्या मानाने मँगेनीज पुष्कळ असते व त्याची लहान संयुगे प्रथिनांचे ऑक्सिडीभवन रोखतात, असा त्यांचा सिद्धांत. माझ्या मते ह्या दोन पक्षांतील वाद पुष्कळसा शाब्दिक आहे. कारागीर जिवंत राहिला म्हणून घर बांधले गेले की त्याला बांधणी येत होती म्हणून, असा हा वाद होय.

आणि येथेच आमच्या वाक्याचा सर्वांत मोठा विपर्यास उघडा पडतो. हा सर्वाधिक किरणप्रतिकारक जीवाणू जंबुपार किरणांखाली उत्परिवर्तनाच्या बाबतीत मोठा कृपण आहे. त्याची दुरुस्ती अचूक असते असे स्वीट व मोझली ह्यांनी १९७४ सालीच नमूद केले होते, आणि १९९९ साली त्याचा संपूर्ण जीनोम वाचला गेला तेव्हा त्यात ‘उमु’ जनुके आढळली नाहीत. ज्याच्याजवळ चुकार एंझाइम आहे तो कोलाय किरणांनी सहज मरतो. ज्याच्याजवळ ते नाही तो तरतो. किरणप्रतिकार आणि किरणजन्य उत्परिवर्तन ह्यांना एकाच सूत्रात ओवणाऱ्यांनी ह्या एका उदाहरणाचा तरी विचार करावयास हवा होता.

हा गुण आला कोठून, ह्याविषयी लिहिणाऱ्यांनी मात्र कल्पनेस पुष्कळच मोकळीक दिली आहे. मॅटिमोर व बॅटिस्टा ह्यांनी १९९६ साली किरणांस हळवे झालेले ४१ वाण तपासले. ते सर्वच शुष्कनासही हळवे निघाले. ह्यावरून, किरण सोसणे हे कोरडेपणा सोसण्याचे आनुषंगिक फळ होय, असा निष्कर्ष निघाला. तो मला संभवनीय वाटतो, पण ४१ पैकी ४१ हा आकडा त्याचा पुरावा नव्हे. दोन्ही आपत्तींत डी. एन. ए. तुटतो आणि एकच यंत्रणा तो जोडते, एवढेच त्या आकड्याने ठरते. हात मोडलेल्यास लिहिता येत नाही आणि जेवताही येत नाही. त्यावरून हात मूळचा कशासाठी आला हे सिद्ध होत नाही. निष्कर्षास खरे बळ मिळते ते अन्यत्रून. जमिनीतील नैसर्गिक किरणोत्सर्ग वर्षाला काही मिलिग्रे असतो; अशा मात्रेने ५,००० ग्रे भरावयास दहा लाखांहून अधिक वर्षे जातील. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत, जेथे काही जागी वर्षाकाठी ७० मिलिग्रेपर्यंत मात्रा मोजली गेली आहे, तेथेही सत्तर हजारांवर वर्षे लागतील. इतक्या अवधीत किरणांनी निवड करावी असे काही उरत नाही. उलट, रेनी प्रभृतींनी २००५ साली सोनोरा वाळवंटातील मातीतून किरणसहिष्णू जीवाणूंची जी विविधता काढली, ती दमट वनातील मातीत त्यांना मिळाली नाही. दुष्काळ दरसाल येतो. त्याला निवड करावयास सवड असते.

२००६ साली पाव्हलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी, पृथ्वीवर एवढी मात्रा मिळत नाही म्हणून हा गुण मंगळावर घडला असावा, असे सुचविले. ह्या सूचनेचे खंडन करण्यात फार वेळ घालवू नये. जीनोमवरून डाइनोकॉकस हा थर्मसचा जवळचा आप्त ठरतो, आणि थर्मस येथल्याच उष्ण झऱ्यांत राहतो. तथापि तिच्यामागचे गृहीतक तेच जुने आहे हे ध्यानात घ्यावे : किरणप्रतिकार आहे, तर तो किरणांनीच घडविला असला पाहिजे. उत्तरपत्रिकेतील ‘व त्यामुळे’ येथे परग्रहापर्यंत पोहोचला आहे.

तिसरा प्रयोग माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि म्हणूनच सर्वांत काळजीपूर्वक वाचावयाचा. बॅटिस्टा व कॉक्स ह्यांच्या गटाने २००९ साली कोलायच्या ‘के-१२’ वाणावर कोबाल्ट-६० चे किरण सोडले. सुमारे ९९ टक्के पेशी मराव्यात एवढी मात्रा. उरलेल्या वाढविल्या, पुन्हा किरण, पुन्हा वाढ. सहनशक्ती वाढेल तशी मात्राही वाढवीत अशी वीस आवर्तने केली. स्वतंत्रपणे चालविलेल्या चार समूहांत अखेर डाइनोकॉकसच्या जवळ जाणारी सहनशक्ती आली. कल्पना अगदीच नवी नव्हती. साल्मोनेलावर असे काम डेव्हिस व सिन्स्की ह्यांनी १९७३ सालीच केले होते. नवी होती ती वाचलेल्यांचा जीनोम आद्यंत वाचण्याची सोय. प्रत्येक वाणात डझनांनी बदल सापडले. त्यांतील कामाचे कोणते? २०१४ साली बर्न व सहकाऱ्यांनी एका वाणाविषयी ह्याचे उत्तर दिले : ‘रेक-ए’, ‘डीएनए-बी’ आणि ‘वायएफजेके’ ह्या तीन जनुकांतील एकेका अक्षराचा बदल मूळ वाणात घातला, तर प्राप्त सहनशक्तीचा बहुतांश भाग परत मिळतो. रेक-ए तुटीची दुरुस्ती करते, डीएनए-बी प्रतिकृतीच्या वेळी दोन धागे विलग करते. म्हणजे नवे यंत्र आले नाही. जुन्याच यंत्राचे स्क्रू नव्याने आवळले गेले.

प्रयोगाचे हे दुसरे अर्ध, म्हणजे संशयित बदल एकेक करून अस्पर्श वाणात घालून पाहणे, हेच त्याचे खरे भूषण होय. जीनोम वाचून यादी करणे आता कोणासही जमते. आमच्याकडील अनेक प्रबंध त्या यादीपाशीच थांबतात. पण निवडीच्या प्रत्येक फेरीत कामाच्या एका बदलाच्या पाठीवर बसून अनेक निरुपयोगी बदल पुढे जातात. यादीतील कोण स्वार आणि कोण घोडा, हे यादी सांगत नाही. ह्याच गटाने २०१९ साली आवर्तने ५० पर्यंत नेली, तेव्हा चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले : एकाच समूहात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या उपशाखा नांदू लागल्या.

तरीही तीन मर्यादा नोंदविल्या पाहिजेत. ‘तीन बदल पुरेत’ हे विधान एका वाणाविषयी आहे. दुसऱ्या समूहांनी सहनशक्ती मिळविली, पण सर्वांची वाट तीच नव्हती. दुसरे असे की, ह्या प्रयोगात निवड केवळ किरण सोसण्याची होत नाही. किरणांनंतर लवकर उठून भरघोस वाढण्याचीही होते, आणि ह्या दोन गुणांचा हिशेब वेगळा केल्याशिवाय उत्परिवर्तनांचा अर्थ लावता येत नाही. तिसरी मर्यादा विट्किनच्या कसोटीची. आयनीकारक किरण स्वतः उत्परिवर्तने घडवितात. तेव्हा वीस आवर्तनांत निवडले गेलेले बदल आधीचे होते, की मागील आवर्तनाच्या किरणांनी घडलेले, हे ह्या रचनेत आपोआप कळत नाही. हा दोष नव्हे. पण विद्यार्थी जेव्हा ह्या निबंधाचा दाखला देऊन ‘किरणांनी प्रतिकार निर्माण केला’ असे लिहितो, तेव्हा निबंधाने जे विचारलेच नाही त्याचे उत्तर तो निबंधाच्या तोंडी घालतो. आणि बदल जरी किरणांनी घडलेला असला, तरी तो किरणांस उपयोगी पडावा म्हणून घडला असे होत नाही; त्याच माऱ्यात असंख्य निरुपयोगी व घातक बदलही घडलेले असतात.

हा विवेक केवळ परीक्षेपुरता नाही, हे महाराष्ट्रातील वाचकांस तरी पटावे. तुर्भे येथील आयसोमेड संयंत्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जात आले. अशा कामास साधारणतः २५,००० ग्रे मात्रा वापरतात. लासलगाव येथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून शंभर ग्रेच्याही आतली मात्रा दिली जाते, आणि २००७ पासून अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यास कीडनियंत्रणासाठी निदान ४०० ग्रे. ह्या शेवटच्या दोन मात्रांत जीवाणू सर्वस्वी मरत नाहीत, किंबहुना त्यांस मारणे हा तेथे हेतूही नाही. ‘किरणांमुळे प्रतिकार निर्माण होतो’ हे वाक्य खरे धरले, तर आंब्याची प्रत्येक पेटी धोक्याची म्हणावी लागेल, आणि अशी भीती सुशिक्षितांच्या तोंडूनही मी ऐकली आहे. निवडीचे तत्त्व ध्यानात घेतले तर प्रश्न निराळा होतो : वाचलेले जीवाणू वाढून पुन्हा त्याच कक्षात येतात काय? बॅटिस्टा-कॉक्स प्रयोगाचे सारे यश त्या पुनरागमनावर होते. कक्षातून गेलेला आंबा परत येत नाही.

तुर्भे येथीलच भाभा अणुसंशोधन केंद्रात आपटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्मोनेलातील ‘फोन’ हे जनुक डाइनोकॉकसमध्ये घालून विरल द्रावणातील युरेनियम साक्याच्या रूपाने वेगळे करून दाखविले. हे वृत्त २००६ साली प्रसिद्ध झाले. तेथे मात्र जीवाणूस किरणांच्या सान्निध्यात काम करावयाचे आहे, म्हणून त्याची सहनशक्ती हाच निवडीचा निकष असणे योग्य.

राहता राहिला शब्दाचा प्रश्न. ‘बी/आर’साठी ‘हळवेपणाचा लोप’, डाइनोकॉकससाठी ‘किरणसहिष्णुता’, आणि प्रयोगशाळेत घडविलेल्या कोलायसाठी ‘निवडलेली सहिष्णुता’ असे शब्द मी माझ्या टिपणांत वापरू लागलो आहे. ते सुटसुटीत नाहीत, हे मान्य. पण ‘प्रतिकार’ हा एकच शब्द तिन्ही ठिकाणी ठेवावयाचा असेल, तर निदान पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत चढउतार-कसोटीचा समावेश व्हावा. जंबुपार दिवा, वीसएक नळ्या, थाळ्या आणि दोन दिवस एवढेच त्यास लागते, आणि विखुरलेल्या संख्या विद्यार्थ्यास स्वतःच्या हाताने मोजावयास मिळतात.